खासदारांचे काम : टनेज पाहावे की उतारा?



या पानावर आम्ही नेहमी लागण, बेणे, खते आणि पाणी याविषयी लिहितो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. त्याला निमित्त झाले एका गटसभेचे.

बेणे प्रक्रियेची माहिती द्यायला आम्ही गेलो होतो. सभा संपता संपता एक तरुण सभासद उठले आणि मोबाईलवर बघून वाचू लागले. आपल्या खासदारांनी एवढे प्रश्न विचारले, एवढ्या चर्चांत भाग घेतला, हजेरी एवढे टक्के. मागे बसलेले एक जुने सभासद लगेच म्हणाले, "अरं, प्रश्न इचारून काय ऊस वाढतोय व्हय? आमच्या भावकीतल्या मयतीला तरी आलं का ते?" तिसरे म्हणाले, "मयतीला येणं हे काय दिल्लीचं काम हाय का?" झाले! बेणे प्रक्रिया राहिली बाजूला. शेवटी सगळे आमच्याकडे वळले. "साहेब, तुम्हीच सांगा. खासदार कामाचा का बिनकामाचा, हे ओळखायचं कसं?"

त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आले नाही. आमचे शिक्षण शेतकी पदविकेपर्यंतचे. संसदेचा अभ्यास कधी केला नव्हता. पण प्रश्न मनातून जाईना. मग जमेल तसे वाचन केले, जाणकारांना विचारले. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय. यात आम्ही कोणत्याही पक्षाची बाजू घेतलेली नाही आणि आजच्या कोणाचे नावही घेतलेले नाही. उदाहरणे मुद्दाम जुनी निवडली आहेत, कारण त्या कामाचे फळ काय आले हे आता डोळ्यांसमोर आहे.

आधी अवजारे ओळखू या

कुळव कशाला आणि रिजर कशाला, हे माहीत नसलेल्या माणसाला मशागत बरी झाली की वाईट, हे सांगता येत नाही. तसेच इथेही आहे. खासदाराच्या हातात जी अवजारे असतात ती थोडक्यात अशी :

1) तारांकित प्रश्न. लोकसभेत बैठकीचा पहिला तास प्रश्नांचा. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उभे राहून तोंडी उत्तर देतात आणि त्यावर लगेच उपप्रश्न विचारता येतो. खरी कसोटी त्या उपप्रश्नात असते. एका दिवसाच्या यादीत असे फक्त 20 प्रश्न असतात आणि तासाभरात त्यांतले थोडेच पुरे होतात.

2) अतारांकित प्रश्न. याचे उत्तर लेखी मिळते, उपप्रश्न नाही. दिवसाला असे 230 प्रश्न घेतले जातात. दोन्ही प्रकारच्या प्रश्नांची सूचना किमान 15 दिवस आधी द्यावी लागते.

3) शून्य प्रहर. आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' असतात ना, तसेच हे. तातडीची बाब मांडता येते, पण मंत्र्याने उत्तर दिलेच पाहिजे असे बंधन नाही. नियम 377 खालीही आपल्या भागातील प्रश्न मांडता येतो.

4) चर्चा. अंदाजपत्रकावर, विधेयकावर किंवा एखाद्या विषयावर. यात वेळ पक्षाच्या संख्याबळाप्रमाणे वाटून मिळतो. लहान पक्षाच्या किंवा मागच्या बाकावरच्या सभासदाच्या वाट्याला कधी कधी पाचच मिनिटे येतात.

5) खासगी विधेयक. मंत्री नसलेल्या सभासदाने आणलेले विधेयक. त्यासाठी शुक्रवारचे शेवटचे अडीच तास राखून ठेवलेले असतात. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त 14 विधेयके कायद्यात उतरली. त्यांतले शेवटचे 1970 मधले.

6) समित्या. शेती, अन्न, पेट्रोलियम अशा खात्यांच्या स्थायी समित्या 1993 पासून आहेत. त्यांचे काम बंद दाराआड चालते. वर्तमानपत्रात फोटो येत नाही, पण खात्याच्या खर्चाची आणि विधेयकांची बारीक छाननी तिथेच होते.

आकडा कुठे फसवतो?

आता त्या मोबाईलवरच्या आकड्यांकडे येऊ. आकडे खोटे नसतात. पण ते टनेजचे असतात.

एकरी 70 टन ऊस काटला म्हणजे साखर किती निघणार, हे काट्याच्या पावतीवरून कळत नाही. वाढे, पाचट, माती, पाणी सगळेच काट्यावर चढते. साखर किती, हे प्रयोगशाळा सांगते. खासदाराचे प्रश्न मोजणे म्हणजे काट्याची पावती बघणे. ती बघावी, पण तिथेच थांबू नये.

काही गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. प्रश्नांचा अग्रक्रम चिठ्ठीने लागतो. एखाद्याने 100 सूचना दिल्या तरी त्यांतल्या थोड्याच लागतील. मंत्री झालेला खासदार प्रश्न विचारत नाही, कारण तो उत्तर देणाऱ्या बाजूला असतो. मंत्री, अध्यक्ष आणि विरोधी पक्षनेते हजेरीच्या वहीत सही करत नाहीत. म्हणजे त्यांच्या नावापुढे आकडा नसला तर ते गैरहजर होते असे समजणे चूक. उलट ज्याने सही केली तो दिवसभर बसलाच, असेही नाही. शिवाय हंगामच किती दिवसांचा होता, तेही पाहावे. पहिल्या लोकसभेच्या (1952–57) 677 बैठका झाल्या. सतराव्या लोकसभेच्या (2019–24) 274. गाळपाचे दिवसच कमी झाले तर एकट्या ऊसवाल्याला दोष देऊन भागत नाही.

इथे आमच्याच खात्यातली एक चूक कबूल करतो. एका वर्षी आमच्या डायरीत शेतभेटींचा आकडा भरगच्च होता. वरिष्ठांनी पाठ थोपटली. पण त्याच वर्षी एका शिवारात हुमणीने उसाची ठोंबे वाळवली, आणि ती बातमी आम्हाला एका सभासदाने येऊन सांगितली. त्या शिवाराच्या नावाने डायरीत तीन भेटी लिहिलेल्या होत्या! आम्ही तिन्ही वेळा बांधावरूनच परतलो होतो. ठोंब उपटून मुळाशी पाहिले नव्हते. तेव्हापासून कोणी नुसता आकडा पुढे केला की आम्ही विचारतो, ठोंब उपटून पाहिले का?

कमी टन, जास्त उतारा : फिरोज गांधी

पहिले उदाहरण फिरोज गांधी यांचे. जन्म मुंबईचा, 1912 चा. 1952 आणि 1957 असे दोनदा ते उत्तर प्रदेशात रायबरेलीकडून लोकसभेवर निवडून आले. पंतप्रधान नेहरूंचे ते जावई आणि सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार. सुरुवातीच्या वर्षांत सभागृहात ते फार कमी बोलले. मोबाईलवर तेव्हा आकडे येत असते तर 1955 च्या मध्याला आपणही म्हटले असते, 'हा गडी काही कामाचा दिसत नाही.'

1955 च्या डिसेंबरात ते विम्याच्या विषयावर बोलायला उभे राहिले. त्या काळी विमा खासगी कंपन्यांच्या हाती होता. शिक्षक, कारकून, छोटा व्यापारी महिन्याला पोटाला चिमटा काढून हप्ता भरायचा. एका बड्या उद्योगपतीने आपल्या ताब्यातील भारत इन्शुरन्स कंपनीत जमलेला हा पैसा स्वतःच्या दुसऱ्या धंद्यांकडे कसा वळवला, हे फिरोज गांधींनी कागदपत्रांच्या आधारे सभागृहापुढे ठेवले. त्या उद्योगपतीवर पुढे खटला होऊन शिक्षाही झाली.

1956 च्या 19 जानेवारीला सरकारने आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. त्याच वर्षी संयुक्त महाराष्ट्राच्या आणि मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. 245 विमा कंपन्या व संस्था एकत्र करून 1 सप्टेंबर 1956 रोजी आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. हे सगळे एका भाषणाने झाले असे आम्ही म्हणणार नाही. सरकारातही तो विचार चालू होताच. पण जमीन तयार करण्यात त्या भाषणाचा मोठा वाटा होता.

त्याच सुमारास त्यांच्या ध्यानात एक अडचण आली. खासदार सभागृहात जे बोलतो त्याबद्दल त्याच्यावर खटला होऊ शकत नाही. पण तेच भाषण छापणाऱ्या वर्तमानपत्रावर मात्र अब्रुनुकसानीचा दावा होऊ शकत होता. म्हणजे दिल्लीत बोललेले गावापर्यंत पोचायचे कसे? त्यासाठी त्यांनी खासगी विधेयक आणले आणि 1956 मध्ये ते मंजूर करून घेतले. वर सांगितलेल्या 14 विधेयकांपैकी हे एक. आणीबाणीत हा कायदा रद्द झाला, 1977 मध्ये परत आणला गेला आणि 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने त्या संरक्षणाला घटनेतच जागा मिळाली. आज संसदेतली बातमी आपण पारावर बसून निर्धास्त वाचतो, त्यामागे त्या कमी बोलणाऱ्या खासदाराचे हे काम आहे.

आता मुख्य गोष्ट. 1957 च्या जूनमध्ये नव्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. मुंदडा आर्थिक अडचणीत होते. गुंतवणुकीसाठी महामंडळाची स्वतःची समिती होती, तिला विचारलेच गेले नाही. संसदेत या व्यवहारावर प्रश्न विचारले गेले. उत्तरे आली, पण समाधान होईना. 16 डिसेंबर 1957 रोजी फिरोज गांधी बोलायला उठले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. कोणत्या कंपनीचा शेअर, बाजारात भाव काय, महामंडळाने दिला किती, कोणाला विचारले, कोणाला नाही, अशी एकेक नोंद समोर मांडली. समोर होते त्यांच्याच पक्षाचे अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी, आणि सरकार होते सासऱ्यांचे.

सरकारला चौकशी नेमावी लागली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे ती सोपवली. 1958 च्या जानेवारीत मुंबईत उघड सुनावणी झाली. आत जागा मिळेना म्हणून बाहेर ध्वनिवर्धक लावावे लागले, इतके लोक ऐकायला येत. फेब्रुवारीत अहवाल आला. सचिवाने केलेल्या कामाची घटनेप्रमाणे जबाबदारी मंत्र्यालाच घ्यावी लागते, असे छागलांनी सांगितले. अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला. अडीच वर्षांनी, 8 सप्टेंबर 1960 रोजी, फिरोज गांधी वारले. वय अवघे 47.

हे आपल्या जिव्हाळ्याचे का, ते सांगतो. तो पैसा विमेदारांचा होता. लहान लहान हप्त्यांतून जमलेला. आपला कारखानाही असाच लहान लहान शेअर्समधून उभा राहिला आहे. जिथे पुष्कळ लहान माणसांचा पैसा एका तिजोरीत येतो, तिथे त्यांच्या वतीने कागद वाचणारा एक तरी माणूस आत असावा लागतो. तो भाषणे किती करतो, हा नंतरचा प्रश्न.

लागण एकाची, खोडवा दुसऱ्याच्या हंगामात : बॅ. नाथ पै

दुसरे उदाहरण आपल्या कोकणचे. बॅरिस्टर नाथ पै हे वेंगुर्ल्याचे. राजापूर मतदारसंघातून 1957, 1962 आणि 1967 असे तीनदा ते निवडून आले. प्रजा समाजवादी पक्षाचे, म्हणजे कायम विरोधी बाकावरचे. वक्तृत्व असे की ते उठले की सभागृह भरायचे.

1967 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात निकाल दिला. खटला पंजाबातला, जमीन धारणेच्या कायद्याबाबतचा. मूलभूत हक्क कमी होतील अशी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. जमीन सुधारणांचे पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. नाथ पैंनी त्याच वर्षी खासगी विधेयक आणले. घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला आहे, हे त्यात स्पष्ट करायचे होते. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, त्यावर मोठी चर्चा झाली, पण मंजूर झाले नाही. 1970 च्या अखेरीस लोकसभा विसर्जित झाली आणि ते निकालात निघाले. 18 जानेवारी 1971 रोजी बेळगावला नाथ पैंचे निधन झाले.

मोबाईलवरच्या हिशेबात याची नोंद काय? विधेयक आणले 1, मंजूर 0. पण 1971 मध्येच सरकारने 24 वी घटनादुरुस्ती केली. त्यातला गाभा नाथ पैंनी मांडलेलाच होता. पुढे 1973 मध्ये न्यायालयाने या अधिकाराला मर्यादा घातली, हेही खरे. आपल्याकडे लागण एक जण करतो आणि खोडव्याचे पीक दुसऱ्याच्या हातात येते, म्हणून लागणीची किंमत कमी होत नाही. संसदेतही असे होते. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावर निकाल देण्याची घाई करू नये.

मग तपासायचे कसे?

आमच्या मते चार कसोट्या लावाव्यात.

पहिली : प्रश्न योग्य दारात विचारला का? उसाची एफआरपी, साखरेचा किमान विक्री दर, निर्यात, इथेनॉलचा भाव या गोष्टी दिल्लीत ठरतात. पाटाचे पाणी आणि शेतीपंपाची वीज राज्याकडे. पाणंद रस्ता ग्रामपंचायतीपासून वर. रस्त्यासाठी खासदाराला आणि एफआरपीसाठी सरपंचाला धरले तर दोघेही सुटतात.

दुसरी : पाठपुरावा केला का? 'माहिती गोळा करण्यात येत आहे' असे उत्तर मिळाले की ते सभागृहाला दिलेले आश्वासन धरले जाते. ते तीन महिन्यांत पुरे व्हावे असा नियम आहे आणि त्यावर नजर ठेवायला आश्वासन समिती आहे. एकदा विचारून गप्प बसलेला आणि तीन अधिवेशने मागे लागलेला, हे दोघे मोजणीत जवळजवळ सारखेच दिसतात.

तिसरी : समितीत काम केले का? समितीचे अहवाल प्रसिद्ध होतात. हजेरीही कळते.

चौथी : आपल्याच बाजूला अडचणीचे विचारले का? 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून मतदान पक्षादेशाप्रमाणे करावे लागते, नाहीतर जागा जाते. पण प्रश्न विचारायला हा कायदा आडवा येत नाही. सत्ताधारी बाकावरून कोणी अवघड प्रश्न विचारला, तर तो एक प्रश्न दहांच्या बरोबरीचा समजावा.

आणि मयतीला येण्याचे काय? सुखदुःखात माणूस आला तर चांगलेच. पण अधिवेशन चालू असताना तो आपल्या मांडवात दिसला, तर त्या दिवशी दिल्लीतली त्याची जागा रिकामी होती, हेही मनात आणावे. त्याला बोलावतो आपणच, आणि न आला तर रुसतोही आपणच.

आपल्या वाट्याचे काम

चांगला प्रश्न आकाशातून पडत नाही. तो कोणीतरी लिहून द्यावा लागतो. 'सरकार ऊस उत्पादकांची काळजी घेत आहे काय?' असा प्रश्न दिला तर 'होय' असे उत्तर येईल आणि विषय संपेल. त्याऐवजी असे लिहावे :

'2018-19 च्या हंगामात 10 टक्के उताऱ्याला एफआरपी टनाला 2,750 रुपये होती. 2024-25 मध्ये 10.25 टक्के उताऱ्याला ती 3,400 रुपये झाली. 2019 च्या फेब्रुवारीत साखरेचा किमान विक्री दर किलोला 31 रुपये केला, तो 2024-25 च्या हंगामातही तेवढाच राहिला. ऊस दर वाढत असता विक्री दर न बदलण्याची कारणे काय? या काळात देशात हंगामवार ऊस बिले किती थकली?'

या प्रश्नाला नुसते 'होय' म्हणता येत नाही. आकडा द्यावा लागतो, आणि मिळालेला आकडा पुढच्या प्रश्नाला उपयोगी पडतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण हे कारखान्याचे पत्रक आहे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाचे पैसे 14 दिवसांत देणे बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास 15 टक्के व्याज आहे. सभासदाने हा प्रश्नही विचारावा. खासदारांमार्फत दिल्लीत, आणि आमच्यासमोर सर्वसाधारण सभेत. कारखान्याला सोयीचे तेवढेच प्रश्न दिल्लीला पाठवायचे म्हटले, तर फिरोज गांधींचे उदाहरण आम्ही उगाच दिले असे होईल.

तेव्हा पुढच्या गटसभेला येताना प्रत्येक गटाने एक प्रश्न लिहून आणावा. त्यात वर्ष, आकडा आणि खाते ही तीन अंगे असावीत. शेतकी ऑफिसात आम्ही तो नीट मांडून देऊ. खासदार कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांच्या कार्यालयात तो पोचता करू आणि पोच घेऊ. प्रश्न लागला का, उत्तर काय आले, हे लोकसभेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींना ते काम सांगावे.

त्या गटसभेतल्या तरुण सभासदांना आणि जुन्या सभासदांना, दोघांनाही आमचा निरोप आहे. तुमचे भांडण अजून मिटलेले नाही, हे आम्हाला माहीत आहे. दोघांनी मिळून पहिला प्रश्न लिहावा. आणि बेणे प्रक्रियेचा विषय त्या दिवशी राहिला आहे. तो पुढच्या सभेत आधी घेऊ, मग दिल्लीकडे वळू.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग